पहिला कुडो मोजत नाहीत

मी तापट माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यात धुक्याला दोष देता येतो, म्हाताऱ्याला देता येतो, रस्त्याला तर कोणीही देतं. मीही बरीच वर्षं दिला. पण त्यात माझ्या डोक्याचा वाटा किती होता, ते मला माहीत आहे.

साल दोन हजार चारच्या आसपासचं असेल. आमचं गाव सडक अर्जुनी तालुक्यात, हायवेपासून आत. मी नागपूरला तीन वर्षं शिकायला म्हणून राहिलो आणि डिग्रीऐवजी एक फुटबॉल घेऊन परत आलो. "पोरगा पाठवला होता, चेंडू आला," असं माझा बाप येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मी मनावर घेतलं नाही. दिवाळीनंतर धान कापून झालं की बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, मोकळ्या होतात. त्यातल्या आमच्याच एका बांधीत मी गावातली पोरं गोळा केली. कापलेल्या धानाची खुंटं पायाला टोचायची, पोरं लंगडत पळायची, पण पळायची. दोन हिवाळ्यांत बऱ्यापैकी टीम उभी राहिली. मग नागऱ्याला चौदा वर्षांखालच्या पोरांची टुर्नामेंट आहे असं कळलं, आणि माझ्या अंगातच आलं.

नागरा म्हणजे गोंदियाच्या पलीकडचं, जुन्या शंकराच्या देवळाचं गाव. कोहमारा, गोरेगाव, गोंदिया आणि मग नागरा, असा ट्रॅक्टरने तीन-साडेतीन तासांचा रस्ता. ट्रॅक्टर मोठ्याबाबांचा होता. मोठेबाबा म्हणजे माझ्या बापाचे थोरले भाऊ. ते म्हणाले, "ट्रॅक्टर ने. पण मी बी येतो. शंकराचं दर्शन होईल, आन तू डोक्यात राख घालून कोणासंगं भांडलास तर सोडवाले कोणी पायजे." त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं.

मोठेबाबा आमच्या गावचे मोजणारे होते. हे थोडं सांगावं लागेल. चुरणी, म्हणजे मळणी, झाली की खळ्यावर धानाची रास पडते. ती आमच्याकडे कुडोने मोजायची, कुडो म्हणजे धान मोजायचं माप. काटे आले, पोती आली, तरी भावाभावांतला वाटा आणि मजुराचा वाटा कुडोनेच निघायचा, आणि तो काढायला मोठेबाबा लागायचे. चाळीस वर्षांत त्यांचा एका कुडोचा फरक पडला नव्हता. त्यांच्या मोजणीचे दोन नियम होते. पहिला कुडो भरायचा, "लाभ" म्हणायचं आणि बाजूला जमिनीवर ओतायचा. तो धरणीचा. तो मोजणीत धरायचा नाही. दुसऱ्या कुडोपासून एक, दोन, तीन. आणि दुसरा नियम, मोजणी सुरू असताना कोणी बोलायचं नाही. बोललं की रास आटते म्हणतात. खळ्यावर लेकरू रडलं तर त्याची आई त्याला उचलून लांब न्यायची. ही रीत आमच्या पोवार समाजाने माळव्यातून येताना आणली की इथल्याच मातीतली, मला माहीत नाही. गावातल्या प्रत्येक पोराला मात्र ती चालता येण्याआधी माहीत असायची.

टीममध्ये एक पोरगा नवा होता. तेरा वर्षांचा, लांब हाताचा, गोलकीपरच्या जागी उभं केलं की चेंडू अंगावर घ्यायचा आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. त्याची आई शाळेत खिचडी शिजवायची. त्याचा बाप सात वर्षांपूर्वी कोहमाऱ्याहून एका ट्रकवर चढला, रायपूरकडे काम आहे म्हणाला, आणि परत आला नाही. मेल्याची खबर नाही, असल्याची नाही. तेव्हापासून ती बाई कोहमाऱ्याचं नाव काढलं की विषय बदलायची. आणि आम्हाला तर जायचंच होतं कोहमाऱ्यावरून.

मी तिच्या घरी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा म्हणालो, "काकी, एक दिवस जायचं, दुसऱ्या दिवशी यायचं. माझ्यावर सोडा."

"तुझ्यावर सोडतो म्हणून तर भेव वाटते," ती म्हणाली. पण पोराने तिच्याकडे असं पाहिलं की तिने तोंड फिरवलं आणि चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे केलं. "ने," म्हणाली.

निघायच्या सकाळी तिने पोराला शाळेच्या भिंतीपाशी आणून सगळ्यांच्या पुढे उभं केलं. हातात कापडी थैली, त्यात चिवड्याचा डबा. मी ट्रॉलीखाली आडवा पडून हुकाची पिन ठोकत होतो. पिन बसत नव्हती, माझं डोकं आधीच सरकलेलं. वरून तिचा आवाज आला, "मोजून नेऊन राह्यले, तसे मोजून आणून द्या. मले दुसरं काई नाई पायजे."

"मोजतो ना," मोठेबाबा म्हणाले.

मग सगळे गप्प झाले. मला खालून फक्त पाय दिसत होते. मोठ्याबाबांचे पाय एका पोरासमोर थांबायचे, पुढे सरकायचे, थांबायचे. ते डोक्यावर हात ठेवून मोजत होते, तोंडातल्या तोंडात. मी पिनेवर हातोडा घातला. शेवटी मोठ्याने ऐकू आलं ते एवढंच, "बारा."

मी बाहेर आलो तेव्हा त्या बाईचं तोंड पांढरं पडलं होतं. माझ्या मनात आलं, बायकांचं असंच असतं. ट्रॅक्टर सुरू केला आणि निघालो.

आता कोणी विचारेल, टीम तुझी, तुला माहीत नव्हतं का किती पोरं आहेत? विचारायलाच पाहिजे. मी अकरा आणि दोन असे तेरा ठरवले होते. सकाळी दोघांना ताप निघाला, एकाला बापाने चुरणीला ठेवून घेतलं, आणि न बोलावलेली तीन-चार पोरं थैल्या घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, चढा. नक्की किती चढली ते मी पाहिलं नाही. मोठ्याबाबांनी बारा म्हटलं होतं. ज्यांचा चाळीस वर्षांत कुडो चुकला नाही, त्यांच्यामागे मी कायले मोजू?

नागऱ्याला पोचल्यावर एका कागदावर नावं लिहून द्यायची होती. मी बारा ओळी आखल्या. पोरं ओरडून नावं सांगत होती, मी लिहीत होतो, बारा भरली, कागद दिला. खिचडीवालीचा पोरगा तेव्हा हापशीवर पाणी पीत होता. नंतर जेवणाची पंगत बसली. वाढणारा पोळ्या घेऊन आला, ओळीने वाढत गेला, त्या पोराच्या पुढ्यात न थांबता पुढच्याला वाढलं. भाजीवाल्यानेही तसंच केलं. पोरगा पत्रावळीकडे पाहत बसला. मोठेबाबा ओरडले, "अरे, त्याले कोण वाढन?" तेव्हा वाढणारा दचकला आणि म्हणाला, "अरे, ये कब बैठा?" आम्ही हसलो. मीही हसलो.

पहिली मॅच जिंकलो. दुसरीत आमच्या नेहमीच्या गोलकीपरचं बोट मुरगळलं. मी या पोराला आत पाठवलं. तर पंचाने कागद काढला, वरून खाली बोट फिरवलं. "भैया, इसका नाम नहीं है."

"नहीं है मतलब? सामने खड़ा है, दिखता नहीं क्या?"

"खड़ा होगा. कागज में बारह हैं, ये उसमें नहीं है."

बस. माझं टाळकं फिरलं. मी अर्धा तास भांडलो. मैदानावर गेलो, कागद हिसकावला, गोंदियाच्या लोकांच्या सात पिढ्या काढल्या. मोठ्याबाबांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. त्या अर्ध्या तासात मला एकदाही वाटलं नाही की कागदावर बारा आणि हा एक, म्हणजे किती? दुसरीतली पोरंसुद्धा ही बेरीज करतील. मी भांडत होतो ना, मला कुठे फुरसत होती.

गोलात एक बॅकवाला उभा केला आणि चार गोलांनी हरलो. मी मैदानाच्या कडेला धुमसत बसलो होतो. तो पोरगा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादा, उद्या तरी माझं नाव लिहाल का?"

उद्या काय लिहिणार? हरलो होतो. उद्या घरी जायचं होतं. मी त्याच्यावर खेकसलो, "नाव नाही तुझं, तर मी काय करू? तू आलाच नाहीस असं समज."

हे वाक्य मी म्हटलं. मोठ्याबाबांनी नाही, पंचाने नाही, मी. तो "हाव" म्हणाला आणि जाऊन बाकीच्यांपासून थोडा लांब बसला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही निघालो. रास खळ्यावर पडली होती, मोठ्याबाबांना दुपारपर्यंत गाव गाठायचं होतं. पोरं ट्रॉलीत तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर बसली, डोक्यावरून चादरी, शाली, पोती, जे असेल ते ओढून. मोठेबाबा माझ्या बाजूला मडगार्डवर, घोंगडी पांघरून. गोंदिया मागे पडलं, गोरेगाव मागे पडलं, आणि कोहमाऱ्याच्या अलीकडे जंगल लागलं तसं धुकं आलं.

आमच्याकडे जानेवारीत धुकं नेहमीचं. पण हे वेगळं होतं. आठ वाजून गेले असतील, तरी उजेड कुठून येतोय ते कळत नव्हतं. ट्रॅक्टरचं बोनेट दिसायचं, त्यापुढचं नाही. समोरून ट्रक यायचा तो आधी दोन पिवळ्या डागांसारखा, मग एकदम अंगावर, आणि गेला की आवाजसुद्धा राहायचा नाही. साग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असणार, वास येत होता, झाड एक दिसत नव्हतं. मला भीती वाटली.

एका पुलियाजवळ, ओढ्यावरच्या लहान पुलाजवळ, मागून पोरांनी आरडाओरडा केला, लघवीला जायचं. मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं नाही, थंडीत परत लागत नव्हतं. "दहा पावलांपुढे कोणी जायचं नाही," मी ओरडलो. पोरं उतरली आणि धुक्यात विरघळली. थोड्या वेळाने एकेक करून परत येऊन तणसात शिरली. मी उतरलो आणि ट्रॉलीभोवती फिरत मोजायला लागलो, मोठ्याबाबांसारखं, डोक्यावर हात ठेवून. एक, दोन, तीन. पोरं गप्प बसली. आमच्या गावच्या पोरांना सांगावं लागत नाही. ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात आलो तेव्हा माझ्या कोपराजवळ श्वासाची वाफ दिसली. मला वाटलं माझीच. अकरा, बारा.

"बाबा," मी ओरडून विचारलं, "गावातून निघताना किती होते?"

"बारा."

"बारा आहेत."

"बरोबर. हाक मंग."

मी हाकला.

कोहमाऱ्याला येता येता धुकं विरळ झालं. चौकातल्या ढाब्यावर गाडी लावली, चहा सांगितला. पोरं उड्या मारून उतरली. तणसात एक कापडी थैली राहिली होती. मी ती उचलली. आत डबा वाजला.

"ए, ही कोणाची?"

मी परत विचारलं. एकाने मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "थ्या खिचडीवालीच्या पोराची होय." मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. "मले वाटलं, थो तिकडच्या कोपऱ्यात झोपला हाये," दुसरा म्हणाला.

थैली हातात घेऊन मी उभा होतो आणि मला तिचा आवाज ऐकू येत होता, मोजून आणून द्या. याच चौकातून तिचा नवरा ट्रकवर चढला होता. ट्रक तसेच उभे होते, एकामागे एक, तोंडं रायपूरकडे.

चहा तिथेच राहिला. बाराही पोरांना मी परत चढवलं. एकाला आणायला बारांना सोडून जायची माझी छाती झाली नाही. ट्रॅक्टर वळवला आणि जेवढा पळेल तेवढा पळवला. मोठेबाबा मडगार्ड धरून बसले होते. अर्ध्या रस्त्यात मी ओरडलो, "बारा कसे होते बाबा? बारा तर आताही आहेत. कसे मोजले तुम्ही?"

"कसे म्हणजे? नेहमी मोजतो तसे." त्यांनी घोंगडीतून हात काढला आणि हवेत एकेका डोक्यावर ठेवल्यासारखा पुढे नेला. "लाभ. एक. दोन. ती..."

हात तिथेच थांबला.

मी विचारलं, "पहिला कोण होता?" मला उत्तर माहीत होतं. आईनेच त्याला सगळ्यांच्या पुढे आणून उभं केलं होतं.

"थोच," ते म्हणाले. "बाप्पा रे. मी त्याले धरणीच्या नावानं बाजूले काढला."

धुकं परत दाट झालं. कोहमाऱ्याला ऊन पडलं होतं, आणि इथे पुन्हा तेच, पांढरं, उजेड नसलेलं. कोणती पुलिया हे कळायला मार्ग नव्हता. मोठेबाबा अंदाजाने "इथंच" म्हणाले, आणि मी या वेळी इंजिन बंद केलं. एवढी शांतता मी कधी ऐकली नाही. पाखरू नाही, पान नाही. मी पूर्ण ताकदीने हाक मारली, एकदा इकडे तोंड करून, एकदा तिकडे. जंगलात आवाज फिरून येतो, इथे तो तोंडातून निघाला की संपत होता. अस्वल, बिबट्या, ट्रक, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं, आणि शेवटी ती बाई, शाळेच्या भिंतीपाशी.

"हाव," आवाज आला. हाताच्या अंतरावरून.

तो पुलियाच्या कठड्यावर बसला होता. माझ्यापासून चार पावलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसा मी त्याच्या शेजारी उभा राहून जंगलाकडे बोंबलत होतो. तो कठड्याच्या एका टोकाला बसला होता, अंग चोरून, आपण बाजूला कोणाला जागा देऊन बसतो तसा.

मी त्याला आधी छातीशी धरलं आणि मग, खोटं कशाला सांगू, ओरडलो. "अरे, कुठे गेला होतास? हाक मारता येत नव्हती?"

"कुठं नाई गेलो. ट्रॉलीपाशीच उभा होतो. तुमच्या बाजूले."

"मग चढला काऊन नाहीस? बोलला काऊन नाहीस?"

तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जसं मी काहीतरी येडपटासारखं विचारलं. "तुमी मोजून राह्यले होते ना. मोजताना बोलू नाई."

"आणि मोजून झाल्यावर?"

"तुमी बारा म्हटलं. मोठेबाबा बरोबर म्हणले. मले वाटलं, मी त्याच्यात नाई."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. मी त्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं, तू आलाच नाहीस. त्याने ऐकलं होतं. ट्रॅक्टर डोळ्यांसमोरून गेला आणि तो उभा राहून पाहत राहिला, कारण हिशोब बरोबर होता.

मोठेबाबा मडगार्डवरून उतरले. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "एक." मग बाकीच्यांना मोजलं. तेरा. माझे डोळे भरून आले होते, धुक्याचा फायदा एवढाच की कोणाला दिसलं नाही. मी त्याला उचलून ट्रॉलीत चढवलं. चढल्यावर त्याने वळून कठड्याकडे पाहिलं.

"आन त्याले?" त्याने विचारलं.

"कोणाला?"

"इथं बसला होता ना, माझ्यासंगं. थो बी राह्यला म्हणे."

ट्रॉलीतली पोरं एकमेकांना चिकटली. मी कठड्याकडे पाहिलं. दगड, त्यावर दव. तो बसला होता तेवढी जागा कोरडी होती, आणि तिच्या बाजूला अजून थोडी. ती किती होती ते मी नीट पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं मला.

मोठ्याबाबांनी एकच प्रश्न विचारला. "केवढा होता?"

पोराने आपल्या खांद्याच्या खाली हात धरला. "एवढा. अंगात कपडा बी नव्हता त्याच्या. मी म्हटलं, थंडी वाजते का, तर नाई म्हणे."

मोठेबाबा मडगार्डवर चढायला गेले आणि त्यांचा पाय दोनदा घसरला. तिसऱ्यांदा मी त्यांना वर घेतलं. "हाक," ते म्हणाले. "मागं पाहू नको."

त्या रस्त्याने ते जवानीत बैलगाड्या घेऊन नागऱ्याच्या जत्रेला जायचे, एवढं मला माहीत होतं. पंधरा-वीस गाड्या, बाया, लेकरं, आणि माणसं मोजायला अर्थात मोठेबाबा. तेव्हा पहिलं डोकं कोणाचं होतं, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. दुसऱ्या कोणत्याही गोष्टीवर मी त्यांच्याशी भांडलो असतो, यावर तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही.

ती शाळेच्या भिंतीपाशी उभी होती. कालपासून ती तिथून फारशी हललीच नाही, असं नंतर गावाने सांगितलं. रस्ताभर मी एक थाप तयार केली होती, गाडी बिघडली म्हणून उशीर झाला वगैरे. पण मोठेबाबा आधी उतरले. पोराचा हात धरून त्यांनी तो तिच्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, म्या तुझा पोरगा मोजला नव्हता. माझी चूक होय."

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "म्या ऐकलं होतं. तुमी त्याले लाभ म्हणले."

"मंग बोलली काऊन नाई?"

"मोजताना कसं बोलू?" तिने पोराचा हात घट्ट धरला. "तुमी गेले आन मी इथं बसून मोजत होती. दोन दिवस. एक म्हणे, आन थांबे. पुन्हा एक म्हणे. दुसरा हाये कुठं मले मोजाले?"

मी थैली तिच्या हातात दिली. मला म्हणायचं होतं की चूक त्यांची नाही, माझी आहे. म्हटलं नाही. आज लिहितो आहे, ते त्यासाठीच.

दोन दिवसांनी आमच्या खळ्यावर मोजणी होती. सगळं गाव जमलं. मोठ्याबाबांनी पहिला कुडो भरला आणि तो हातात धरून बसले. किती वेळ बसले. कोणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "एक." लोकांत कुजबुज झाली, मोजणीत पहिल्यांदाच. संध्याकाळी त्यांनी एक कुडो धान गमछ्यात बांधलं आणि दुसऱ्या दिवशी एकटेच बसमध्ये बसून गोरेगावच्या रस्त्याला गेले. रिकामा गमछा घेऊन परत आले. जिवंत होते तोवर दर जानेवारीत जायचे. कोणाला सोबत नेलं नाही, मलाही नाही.

तो पोरगा आता मोठा झाला, गोंदियाला एका दुकानात आहे, लग्न झालं. भेटला की हसतो. त्या दिवसाबद्दल विचारलं तर "काई आठवत नाई दादा" म्हणतो. पण कुठे चार माणसं उभी असली आणि कोणी मोजायला लागलं, की तो पुढे होऊन मोजणाऱ्याच्या हाताला हात लावतो. मी पाहिलं आहे.

मोठेबाबा गेल्यावरही मी टीम नेत राहिलो, आणखी सहा-सात वर्षं. टेम्पो आला, पुढे पोरांच्या खिशात मोबाइल आले. मी प्रत्येक थांब्यावर तीनदा मोजायचो, पोरांना मुद्दाम मोठ्याने बोलायला लावायचो, आणि मोजून झालं की विचारायचो, "कोणी राहिलं का रे?" मग थोडं थांबायचो. पोरं हसायची, सर येडे आहेत म्हणायची.

त्या पुलियाजवळ मात्र मी कधी विचारलं नाही.